थेट मालकाकडून

तिसरा मजला चढून येईपर्यंत रेश्माला धाप लागली होती. लिफ्ट बंद. बाहेर ऑक्टोबरचा परतीचा पाऊस भिगवण रोडला झोडपून काढत होता. तिच्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात निथळणारी छत्री, आणि तीनशे चारच्या दारासमोर... एक तरुण उभा. शर्ट भिजून खांद्यांना चिकटलेला, हातात फोन. तिला बघताच त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं.

"आलात! बरं झालं. मी पैसे पाठवतच होतो."

"कसले पैसे?"

"टोकन. साहेब म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आत्ता टाका. किल्ली घेऊन बाई येतीलच म्हणाले."

"कोण साहेब?"

"मालक. लष्करात आहेत, बदली झालीय म्हणून घाईनं विकतायत." त्यानं फोन तिच्यापुढं धरला. "ही बघा ना जाहिरात. थेट मालकाकडून, एजंटांनी फोन करू नये."

रेश्मानं फोटो बघितले. हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी. मग एका फोटोवर बोट ठेवून तिनं तो मोठा केला.

"इथं उंबऱ्याशी चपला दिसतायत?"

"हो."

"कुणाच्या आहेत?"

त्यानं फोटोकडं बघितलं, मग हळूच तिच्या पायांकडं. तपकिरी पट्टा, अंगठ्याशी पितळी फूल. फोटोत होतं तेच.

"हे फोटो मी काढलेत, मार्चमध्ये," ती म्हणाली. "या घराचे मालक गेल्या दिवाळीत वारले. त्यांची बायको मुलाकडं हैदराबादला असते. किल्ली माझ्याकडं आहे. मी एजंट."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो नुसता बघत राहिला, तेव्हा रेश्मानंच तो उचलला.

"पाठवले का सर?" पलीकडून आवाज आला.

"सर पाठवत नाहीयेत," ती गोड आवाजात म्हणाली. "मी तीनशे चारच्या दारात उभी आहे. तुम्ही कुठं आहात?"

फोन बंद झाला. जिन्यात नुसता पावसाचा आवाज उरला. तरुण भिंतीला टेकला.

"वडिलांचे पैसे होते हो ते..." एवढंच तो बोलला.

"गेले नाहीत ना? मग झालं तर." तिनं कुलपाला किल्ली लावली. "माझं गिऱ्हाईक काही या पावसात येत नाही. दार उघडतेच आहे, तर बघून घ्या. फुकट दाखवते."

"आणि आवडलं तर?"

"आवडलं तर फुकट नाही."

तो मोकळेपणी हसला. आणि रेश्माला उगीचच वाटून गेलं, आपण निदान केस तरी पुसून वर यायला हवं होतं.

त्याचं नाव रणजित. जन्म वालचंदनगरच्या क्वार्टरमधला, नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत. वडील सावळाराम, ज्यांना सगळी वसाहत तात्या म्हणायची, छत्तीस वर्षं लेथवर उभे राहून मार्चअखेर निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडायचं. स्वतःचं घर तात्यांना आयुष्यात पहिल्यांदाच घ्यायचं होतं आणि ते शोधायचं काम मुलावर आलं होतं.

रेश्मा त्याला घरं दाखवू लागली. रविवारी सकाळी, मधल्या वारी कामावरून सुटल्यावर. पुढं स्कूटीवर ती, मागं मोटारसायकलवर तो. विद्यानगरीतली नवी इमारत, कसब्यातलं दोन खणी घर, कालव्याकडची रो हाउसं. प्रत्येक घरात रणजित खोट काढायचा. एका घरात ऊन जास्त, एका घरात कमी. एका ठिकाणी म्हणे जिना डावीकडं वळतो.

"जिना डावीकडं वळला तर काय होतं?" तिनं विचारलं.

"आईला चालत नाही."

"आईंना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती."

रेश्मा तोंडावर ओढणी धरून हसली. हा माणूस घर बघत नाही, हे तिला चौथ्या घरातच कळलं होतं. तरी पाचवं, सहावं, सातवं ती दाखवत राहिली. खरं तर तिनंच शोधून शोधून दूरची घरं काढली.

एका संध्याकाळी कसब्यातल्या रिकाम्या घरात ती माप घेत होती. रिकाम्या घरात आवाज घुमतो, म्हणून दोघंही हळू बोलत होते.

"टेपचं ते टोक भिंतीला धरा. सोडू नका हं."

ती मागं मागं सरकत दुसऱ्या भिंतीशी पोचली, आकडा वाचायला वाकली, आणि मान वर केली तर तो तिच्याकडंच बघत होता. टेप सुटली. सळसळत आली आणि तिच्या बोटावर सटकन बसली.

"आई गं!"

तो धावत आला. तिचं बोट हातात घेतलं. लाल रेघ उमटली होती. त्यानं त्यावर फुंकर घातली, एकदा, दोनदा... आणि मग हात सोडायचं त्याला सुचेना, काढून घ्यायचं तिला.

"सोडू नका म्हटलं होतं," ती पुटपुटली.

"टेप म्हणालात. हात नाही म्हणालात."

"रणजित..."

"मला घर नकोय. म्हणजे हवंय. पण इतक्यात नको." तो चाचरला. "आणि तुम्ही मला अहो-जाहो करू नका. तू म्हणा... तू म्हण."

खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं जोरात वाजत गेलं. रेश्मानं टेप पिशवीत टाकली. मग म्हणाली, "तू आधी दिवा लाव. अंधार पडलाय."

त्या दिवसानंतर ती घरी वरकुट्याला पोचायची ती गुणगुणतच. आई रंगूबाई चुलीशी बसून तिच्याकडं रोखून बघायची आणि काही विचारायची नाही. विचारायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. रेश्मा एकोणतीस वर्षांची झाली होती. सात ठिकाणं येऊन गेली, आणि सगळी एकाच प्रश्नावर परत फिरली. पोरगी करती काय? एजंट हाय. म्हंजी परक्या माणसांसंगं रिकाम्या घरांत हिंडती? त्यानंतर चहाचे कप तसेच राहायचे.

हे सगळं तिनं रणजितला कालव्याच्या कडेला बसून सांगितलं. वडील गेणबांनी उरलीसुरली मेंढरं विकून बारामतीला दोन गुंठे घेतले होते, तेही सांगितलं. प्लॉटमधून रस्ता जाणार होता. विकणाऱ्याला ते ठाऊक होतं, गेणबांना नव्हतं. एकोणीस वर्षांची रेश्मा तेव्हा कचेऱ्यांचे जिने चढली, जमिनीच्या नोंदींतले फेरफार वाचायला शिकली. जमीन गेलीच, वडीलही त्या घोरानं गेले. तिच्याकडं फक्त ते वाचणं राहिलं.

"म्हणून मी एजंट झाले. आमच्यासारखं कुणाचं होऊ नये म्हणून. लोकांना वाटतं, फोनवर सगळं दिसतं, मग एजंट कशाला? फोनवर फोटो दिसतात रे. त्या घरात कोण रडतंय ते दिसत नाही."

रणजितनं तिच्या बोटांत बोटं गुंतवली. "घराचं एकदा झालं ना, की आपलं घरी सांगतो. दोन्ही एकदम नको. तात्यांना झेपणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिला पटलं. इतक्या वर्षांनी काहीतरी पटतंय, याचंच तिला अप्रूप वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास तो तिला वालचंदनगरला घेऊन गेला. अर्थात एजंट म्हणून. तात्या अंगणात शेवग्याखाली खुर्ची टाकून बसले होते.

"मला लई काय नको, पोरी," ते म्हणाले. "खालचा मजला, दारात एवढीशी माती. वरच्या मजल्यावर मला झोप यायची न्हाय."

कुशाबाईंनी तिला गुळपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. "खा गं. किती वाळलीयास उन्हातान्हात हिंडून." जाता जाता त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. त्या रात्री रेश्मा त्या हाताचाच विचार करत राहिली.

आणि तिनं तसं घर शोधलंही. बारामतीत, तळमजल्याचं, दारात माती असलेलं. कागद चोख होते, फक्त मालकाच्या बहिणीची सही यायला महिना लागणार होता. ते सांगायला ती पुन्हा वालचंदनगरला गेली, तेव्हा ओसरीवर तात्यांचे थोरले भाऊ दादासाहेब बसले होते. पांढरीशुभ्र टोपी, मोठा आवाज.

"महिनाभर कशाला थांबायचं?" ते म्हणाले. "आपला पोपटराव हाय की! माझा शाळासोबती. इंदापूरच्या रस्त्याला बंगला हाय त्याचा, विकायचाय. मालक समोर, आपण समोर. मधी तिसरं माणूस हवंच कशाला?"

"बंगला?" तात्यांचे डोळे चमकले.

"सावळाराम, बंगला! फुडं अंगण, मागं अंगण."

रेश्मानं चहाचा कप खाली ठेवला. "काका, चांगलंच आहे. फक्त कागद मला एकदा बघू द्या. माझं कमिशन वगैरे काही नको."

"फुकाट कोण बघतं, बाई?" दादासाहेब हसले. "तुमचा धंदा हाय. पोट हाय. आमी काय नाव ठेवत न्हाय. पर आपल्या माणसांत एजंट लागत न्हाय."

कुशाबाई कप गोळा करू लागल्या. तात्या शेवग्याकडं बघत होते. रणजित दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. रेश्मानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं घसा खाकरला... आणि चौकटीवरचा निघालेला रंग नखानं खरवडला.

स्कूटीपर्यंत तो सोडायला आला.

"तू नको ना मधे पडूस," तो हळूच म्हणाला. "घरच्यांना वाटेल, तुझं कमिशन जातंय म्हणून तू..."

"घरच्यांना वाटेल? का तुला?"

"मला नाही गं!"

पण ते म्हणायला त्याला क्षणभर लागला होता. तो क्षण तिनं बघितला. स्कूटी चालू करताना तिचं बटण दोनदा चुकलं.

तरी तिनं त्याच्याकडून गट नंबर मागून घेतला. सातबारा स्वच्छ होता, पोपटरावांचं एकट्याचं नाव. दुसऱ्या कुणी तिथंच थांबलं असतं. रेश्मानं जुने फेरफार काढायला लावले. बापानंतर दोन नावं लागली होती, भाऊ आणि बहीण. दोन वर्षांनी हक्कसोड दाखवून बहिणीचं नाव गळलं होतं. बहिणीचं नाव होतं नकोशी.

नकोशी कळसला राहत होती. रेश्मा गेली तेव्हा ती दारात शेंगा फोडत बसली होती. साठीची, काटक, नजर धारदार.

"हक्कसोड?" ती म्हणाली. "आगं, माझं नाव बघ. आईबापाला नको व्हते, मंग भावाला बी नको झाले. पर त्या कागदावरचा अंगठा माझा न्हाय. कोर्टात दावा लावलाय मी. बंगला बापाच्या जमिनीत हाय, माझा बी हाय. इकू तर दे त्याला!"

तिनं पेटीतून दाव्याची प्रत काढून दिली. रेश्मानं पानापानाचे फोटो काढले आणि थेट रणजितच्या कारखान्याचं फाटक गाठलं. थंडी पडली होती. पाळी सुटली, माणसं स्वेटर चढवत बाहेर पडत होती. तिनं त्याला बाजूला घेऊन सगळं दाखवलं. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"परवा खरेदीखत आहे, रेश्मा."

"म्हणून तर आले. मी येऊ का तात्यांकडं? आत्ता?"

"नको, नको. मी सांगतो. तू आलीस तर काका पुन्हा तेच बोलतील. मला ऐकवणार नाही ते."

शेवटचं वाक्य तिला इतकं गोड लागलं, की ती गप्प बसली. "आजच सांग."

"आजच."

दुसऱ्या दिवशी तिनं मेसेज केला, सांगितलंस का? बऱ्याच वेळानं उत्तर आलं. हो, बघतो.

त्यातलं 'हो' तिनं धरलं आणि 'बघतो' सोडून दिलं. दुसरं कुठलंही गिऱ्हाईक असतं, तर ती स्वतः जाऊन दारात बसली असती. हे तिला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

खरेदीखताच्या दिवशी ती दुसऱ्या एका दस्तासाठी इंदापूरच्या निबंधक कार्यालयात गेली होती. जिन्यावरून तात्या उतरत होते. नवं धोतर, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. मागं दादासाहेब, पोपटराव, सगळ्यात शेवटी रणजित.

"पोरी, झालं बघ!" तात्यांनी पेढा तिच्या हातावर ठेवला. "रागावू नगंस हां. तुझं घर बी झ्याक व्हतं."

तिनं पेढा तोंडात टाकला. तात्यांच्या खांद्यावरून तिनं रणजितकडं बघितलं. तो बुटांच्या नाड्यांकडं बघत होता.

रात्री तिनं फोन केला. "सांगितलं होतंस ना?"

"काकांनी ऐकलं नाही गं. म्हणाले, भावाबहिणीचं मिटेल आपसात. जाऊ दे ना आता. होईल नीट."

"आणि आपलं?"

"तात्या एकदा तिकडं राहायला गेले, की..."

फाल्गुन गेला. तात्या निवृत्त झाले, गळ्यात हार घालून घरी आले, आणि त्याच आठवड्यात कोर्टाचा मनाई हुकूम आला. बंगल्यात जाता येणार नाही, विकता येणार नाही, वीटही हलवता येणार नाही. पोपटराव फोन उचलेनात. दादासाहेबांचा मोठा आवाज एकदम बारीक झाला, मग त्यांचं येणंच थांबलं. छत्तीस वर्षांची पुंजी कुलपाआड गेली आणि कुलूपही आपलं राहिलं नाही. वकील म्हणाले, दहा वर्षंही लागतील.

क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. कुशाबाईंचा रेश्माला फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता. "पोरी... भाड्यानं कुटं दोन खोल्या मिळतील का? आता आमी कुणाला इचारावं?"

चार दिवसांत तिनं बारामतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळवल्या. घरमालकाशी बोलून अनामत कमी करून घेतली, टाकी धुवून घेतली, करारावर एकेक ओळ वाचून दाखवली. सामान उतरलं. शिडी, डबे, देवघर, तात्यांची खुर्ची. खोल्या लगेच भरल्या. तात्या ट्रंकेवर बसले. या महिन्याभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"रेश्मा," ते म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. "एक इचारतो, खरं सांग. तू कागद वाचतीस. त्या बंगल्याचं तुला कळलं असतं का गं? आमी तुला दाखवले असते तर?"

रणजित खिडकीशी पडद्याची सळई बसवत होता. त्याचा हात थांबला.

रेश्मा त्याच्याकडं बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. कुशाबाई पातेलं हातात धरून उभ्या होत्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. रणजितनं सळई उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"कळलं होतं, तात्या," ती म्हणाली. "खरेदीखताच्या आधी दोन दिवस कळलं होतं. मी सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतंस?" तात्या गोंधळले. "कुणाला? मला तर कुणी... दादाला?"

रेश्माला उत्तर द्यावं लागलंच नाही. कुशाबाईंची नजर हळूहळू खिडकीकडं वळली, मग तात्यांची. सळई खाली पडून खणखणली. त्याचा पडलेला चेहरा बघून तिला तेव्हाच कळलं, की तो तात्यांशीच काय, काकांशीही बोलला नव्हता. कुणाशीच बोलला नव्हता.

तात्या ओरडले नाहीत. ते उठून बाहेर दारातल्या मातीत जाऊन उभे राहिले.

रणजित तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आला. डोळे लाल झाले होते.

"आई देव्हारा कुठं ठेवायचा ते ठरवत होती, रेश्मा. तात्या अंगणात काय लावायचं त्याची यादी करत होते. रोज म्हणायचो, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर वाटायचं, सकाळी सांगू. मला जमलं नाही. पण आता सांगतो. आपलं, सगळं. आत्ता आत जाऊन सांगतो."

उन्हाची तिरीप त्याच्या चेहऱ्यावर होती. घामानं केस कपाळाला चिकटले होते. तिला ते बाजूला सारावेसे वाटले. इतकं सगळं होऊनही वाटले, आणि त्याचंच तिला रडू आलं.

"मी तुझी वाट बघितली रे," ती म्हणाली. "ओसरीवर बघितली. आत्ता खिडकीशी बघितली. मला वाटायचं, तू माझ्यासाठी बोलत नाहीस, ठीक आहे. पण तू तुझ्या बापासाठीसुद्धा बोलला नाहीस."

"मी बदलेन."

"बदल. पण मी परत वाट बघणार नाही. माझ्यात तेवढं उरलं नाही."

"माझ्यावर प्रेम नाही राहिलं?"

रेश्मानं स्कूटीची किल्ली लावली. "आहे ना," ती म्हणाली, "म्हणून तर जातेय." आणि गेली.

पावसाळा आला नि गेला. वरकुट्यात रंगूबाईंनी आठवं ठिकाण आणलं, तेही चहा न घेता गेलं. यावेळी रेश्माला बरंच वाटलं. घरं दाखवणं चालू होतं. फक्त माप घ्यायचं असलं, की ती टेपचं टोक खिळ्याला अडकवायची, कुणाला धरायला सांगायची नाही.

मार्गशीर्षात कुशाबाईंचा फोन आला.

"रेश्मा, रणजितचं लगीन ठरलंय गं." त्यांना किती कळलं होतं कोण जाणे. "खोली एक जादा लागंल. तुझ्याबिगर आमी आता कुणाकडंच जायचो न्हाय. तात्या तर म्हणत्यात, रेश्मा सांगंल तितंच सही करणार."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ किल्ल्यांच्या फळीसमोर उभी राहिली. मग त्यातून तिनं खरंच सगळ्यात चांगल्या घराची किल्ली काढली.

घर बघायला कुशाबाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर ती मुलगी, स्वराली. बँकेत नोकरी, मोठे डोळे, बोलताना ओठ चावायची सवय. रणजित आला नव्हता. कुशाबाई बाहेर नळ बघायला गेल्या, तशी स्वराली स्वयंपाकघरात रेश्माजवळ सरकली.

"ताई, घर चांगलं आहे ना? तुम्ही म्हणाल ते."

"चांगलं आहे. कागद मी स्वतः बघितलेत. पावसात या कोपऱ्याला थोडी ओल येते, ती मालकाकडून आधी करून घेऊ."

स्वरालीनं मान हलवली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आणखी एक विचारू? तुम्ही यांना बरेच दिवस ओळखता म्हणे. आमच्याकडं घाईनं ठरलं सगळं. नीट चौकशी झालीच नाही. माणसं... कशी आहेत?"

रेश्मानं ओट्यावरची धूळ हातानं पुसली. बाहेर कुशाबाई नळ सोडून पाण्याची धार बघत होत्या.

"माणसं चांगली आहेत," ती म्हणाली. "तात्यांना जपा. आई मायाळू आहेत."

"आणि ते?"

"तोही चांगला आहे. हसतो छान." तिचा आवाज जरा हलला, तो तिनं सावरला. "फक्त कधी कधी तो गप्प बसतो. तेव्हा त्याला तसं बसू देऊ नका. समोर बसायचं आणि विचारायचं. उत्तर येईपर्यंत विचारायचं."

स्वराली तिच्याकडं बघत राहिली. काहीतरी तिच्या डोळ्यांत हललं. तिनं फक्त रेश्माचा धुळीनं माखलेला हात क्षणभर दाबला.

"घर घेऊ मग?" ती म्हणाली.

"घ्या," रेश्मा म्हणाली, आणि करारासाठी नावं लिहून घ्यायला तिनं वही उघडली.